रकाना सात

तुमचं पत्र मिळालं. पाकीट क्रमांक एकतीस उघडलेलं,
आणि रकाना सात कोरा:
'रुग्ण शेवटचा ठीक दिसल्याची वेळ.'
खुलासा तीन ओळींत मागितलाय तुम्ही.
तीन ओळींत मावत नाही, म्हणून हा पाठकोरा कागद.

सहा चाळीसचा कॉल. अबरडॅरनच्या वरच्या अंगाला
मेंढ्यांचं शेत, फाटक सुतळीनं बांधलेलं.
इडवालनं गाडी उलटी चढवली,
वर वळायला जागा नाही.
मॉरफिड, वय चौऱ्याहत्तर,
पलंग आणि भिंत यांच्या सांदीत.
उजवा गाल ओघळलेला,
उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा अंगाखाली.
साखर सहा पॉइंट एक. वरचा रक्तदाब दोनशे चार.
इथवरचे रकाने भरलेत. अक्षर माझं.

मग एमरला विचारलं, शेवटचं ठीक कधी पाहिलंत?
तो मेंढवाड्यातून आलेला, कोपरापर्यंत ओला,
रात्रीपासून दोन कोकरं आडवी अडकलेली.
म्हणाला, चारला उठलो. ती काहीतरी बोलली.
काय?
'दार' म्हणाली असेल. वारा होता.

चारपासून मोजलं
तर ती तुमच्या चार तासांत बसते, काठावर.
रात्री दहापासून मोजलं तर नाही.
मी चार धरले.

संमतीपत्र, पाच पानं. दोन्ही भाषांत, मान्य,
पण वेल्श पानांचा क्रम छापताना उलटा लागलाय,
आधी 'धन्यवाद' येतं, मग धोके.
त्याचा चष्मा कोकरांपाशी. मी वाचून दाखवलं,
गुडघ्यावर बसून, दुसऱ्या हातानं तिची मान सावरत.
औषध लागू पडतं का, त्यानं विचारलं.
माहीत नाही. म्हणून तर हे सगळं.
आणि पाकिटात 'नाही' निघालं तर?
तर नेहमीचं सगळं करू.
न जोखता मेंढी विकायला आलेल्याकडं बघावं
तसा तो माझ्याकडं बघत राहिला.
मग सही केली. सहीवरचा डाग मेंढीचा आहे,
मॉरफिडचा नाही.

मी पाकीट फाडलं.
आणि तेव्हा तो म्हणाला,
बोललीच असेल असं नाही.
नुसता आवाजही असेल, घशातला.
झोपेत करते ती तसा.

फाटलेलं पाकीट परत चिकटत नाही,
तुम्हीच शिकवलंत, बँगरच्या त्या उबदार खोलीत,
बिस्किटांची बशी फिरवत:
एकदा उघडलं की माणूस मोजला गेला,
शेवटपर्यंत.
आत लिहिलं होतं, नेहमीचे उपचार.
म्हणजे आम्ही तिला वेगळं काहीच दिलं नाही,
आणि तिची सहा मिनिटं घेतली.
ही सहा मिनिटं लिहायला फॉर्मवर जागा नाही.

पुढं बासष्ट मिनिटं रस्ता.
ती डाव्या हातानं माझी बाही धरून काहीतरी सांगत होती,
तेच तेच, न थकता.
वेल्श माझ्या आईची भाषा. ते वेल्श नव्हतं.
इंग्रजीही नव्हतं.
मी हो म्हणत गेले.

हॉस्पिटलच्या दारात आमच्या पुढं पाच गाड्या.
फॉर्म नंतर भरला, मांडीवर. थंडीनं पेन उमटेना,
म्हणून रकाना चार दोनदा गिरवलेला दिसेल.
सातपाशी थांबले.
चार लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं.
दहा लिहिलं असतं तरी.
पण जे बोललं गेलं, किंवा नाही,
ते एकाला नीट ऐकू आलं नाही
आणि दुसरीला सांगता येत नाही.
कोरा सोडला. कोराच राहू द्या.

नव्वदाव्या दिवशी तुम्ही त्यांच्या घरी फोन कराल,
शून्य ते सहामधला एक आकडा लिहाल.
तो आम्हाला कळवायचा नाही, असा नियम आहे.
नियम बरोबर आहे.
फक्त फोन जरा जास्त वेळ वाजू द्या.
मेंढवाडा घरापासून लांब आहे.

नेरिस