पाण्याचं वजन

वेंडेल पिटमन माप घ्यायला आला, बूट दारातच काढून.
चौकट सव्वीस इंच, टब अठ्ठावीस.
म्हणजे चौकट जाणार.
टाकी चाळीस गॅलनची, ती पुरायची नाही,
टब निम्मा भरेल आणि तुमच्या बाई
कमरेपर्यंत कोमट पाण्यात बसून राहतील.
म्हणजे टाकीही जाणार.
पंपासाठी विजेची वेगळी तार.
आणि जमीन.

जमिनीवर त्यानं एक गोटी ठेवली.
ती जरा थबकली, मग पूर्वेकडे निघाली,
ग्लेस बेच्या या गल्लीत प्रत्येक घरातली गोटी जाते तशी.
त्या बाजूचा कोळसा खालून आम्हीच काढलाय,
हे मी त्याला सांगितलं नाही.
"टबाला दार असतं," तो म्हणाला, "दार ओळंब्यात लागतं.
घर तिरकं असलं की पाणी फट शोधतं."
हे मला सांगतोय.

मग त्यानं पाणी जोखलं.
टब, पाणी आणि तू, मिळून नऊशे पौंड.
तुझं वजन विचारलं तेव्हा एकशे तीस म्हणालीस, इशबेल,
मी खिडकीबाहेर बघत राहिलो.
त्यानं एकशे साठ लिहिलं. शहाणा मुलगा आहे.

जुना टब कोरलनं घणानं फोडला.
दारातून तो निघालाच नसता,
आधी टब आला होता, भिंती मागाहून.
तू स्वयंपाकघरात रेडिओ मोठा केलास.
मार्चमध्ये त्याच टबात तू चाळीस मिनिटं पडून होतीस
आणि मी बाहेर फावड्यानं बर्फ ओढत होतो,
मला वाटलं, आत पाणी वाहतंय म्हणजे सगळं ठीक आहे.
तेवढा वेळ तू कशाकडे बघत होतीस,
हे मी अजून विचारलेलं नाही.
तेव्हापासून तू बेसिनपाशी ओल्या फडक्यानं अंग पुसतेस,
आतून कडी लावून.
माझी काळी पाठ तू एकतीस वर्षं घासलीस.
तुझी मला घासू देत नाहीस.

म्हणून मी तळघरात असतो.
भाच्यानं स्क्रूचे लोखंडी जॅक आणून दिलेत,
त्यांच्या शेजारी मी स्प्रूसचे दोन टेकू ठोकलेत.
लोखंड बोलत नाही.
लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं,
माणसाला पळायला पुरेल इतका वेळ देतं.
लोक म्हणतात, पाणी डोक्यावरून गेलं की संपलं.
आमची पाळीच तिथून सुरू व्हायची,
डोक्यावर खडक, खडकावर अटलांटिक,
त्यावर कुणाची तरी बोट, बोटीत कुणीतरी
कांदा चिरत असणार, असं मी जेवणाच्या सुट्टीत मनात आणायचो.
आता वर तू असशील. हिशेब फार बदललेला नाही.

वेंडेलनं नियम समजावले.
आधी आत बसायचं, दार लावायचं, मग पाणी सोडायचं.
निघताना पाणी पूर्ण जाऊ द्यायचं, मगच दार उघडतं.
सहा-सात मिनिटं. थंडी वाजेल, खांद्यावर टॉवेल घ्या.
"आणि तेवढ्यात फोन वाजला तर?" तू विचारलंस.
"वाजू द्यायचा."
सबंध आयुष्यात तू एकही फोन वाजू दिलेला नाहीस.

गुरुवारी पाणी सोडतील.
मी म्हटलं, मी खाली थांबतो, दिवा घेऊन,
टेकू वजन घेताना एकदा करकरतील, घाबरू नकोस.
टाचेनं ठोक. एक ठोका म्हणजे थांब.
तीन म्हणजे पिंजऱ्यात माणूस आहे, सावकाश.
तू बटाटे सोलत होतीस. सोलणं थांबवलं नाहीस.
"ठोकणार-बिकणार नाही," म्हणालीस,
"तू वरच ये. दाराबाहेर खुर्ची टाक.
कडी लावत नाही मी."

खुर्ची तिथे बसते, मोजून पाहिलं.
फक्त पूर्वेकडच्या दोन पायांखाली
पाचर घालावी लागेल.