जर्मन

अकरा सीझन मी त्याची पाठ बघितली.
गोलकीपरला तेवढंच दिसतं.
घामानं चिकटलेला पाच नंबर,
मानेवरचा भाजल्याचा डाग, फौंड्रीतला,
आणि पाठीमागं धरलेला उजवा हात,
बोटांनी मला सांगणारा:
डावीकडं सरक. अजून. बास.

हिंदुराव तांबट त्याचं नाव.
तालमीच्या पावतीपुस्तकाबाहेर कुणी घेतलं नाही.
बाप आठवडी बाजारात जर्मनची भांडी विकायचा,
जुनं द्या, नवं घ्या, वजनावर,
म्हणून पोरगा जर्मन.
पेठ म्हणायची, बरोबरच हाय की,
पोचा येतोय गड्याला, फुटत न्हाई.

शिरोलीची रात्रपाळी करून थेट स्टेडियमवर यायचा.
कानात मोल्डिंगची काळी वाळू.
बूट घालताना एक आंबोळी, तीही अर्धी.
दुसऱ्या दिवशी पेपरात गोल करणाऱ्याचं नाव,
मिनिटासकट.
जो गोल झालाच नाही
त्याचं मिनिट कोण लिहिणार?
मी मोजायचो. एका मॅचमध्ये सात.
मग घरी जाऊन विसरायचो.

फायनल. एकाहत्तरावं मिनिट.
त्यांचा नायजेरियाचा पाव्हणा
माझ्या अंगावर धावत आलेला, एकटा,
आणि स्टेडियम एकदम गप,
पिपाण्यासुद्धा गप.
जर्मन कुठनं आला ते मला आजही ठाऊक नाही.
आडवा घसरला, बॉल बाहेर घातला,
आणि गुडघ्यातनं आवाज आला
कच्च्या मडक्याला टिचकी मारल्यासारखा.
तो मी ऐकला. फक्त मी.
स्ट्रेचर येईपर्यंत तो वेदनेनं नाही,
माझ्यावर ओरडत होता:
पहिला खांब धर! पहिला खांब!

मी पहिला खांब धरला.
बॉल दुसऱ्याकडं आला.

यावर आम्ही कधी बोललो नाही.
दवाखान्यात मी शहाळं घेऊन गेलो,
तो म्हणाला, शहाळं महागलंय.

पुढं कोचिंगचं लायसन काढलं त्यानं.
पेपर इंग्रजीत, उत्तरं चित्रात:
बाण, फुल्या, गोल,
आणि कडेला मराठीत 'इथं माणूस पाहिजे.'
पास झाला.
पहिल्या स्पर्धेला बाहेरगावचे पाहुणे माईकवरनं म्हणाले,
जर्मनीहून प्रशिक्षण घेऊन आलेले आपले कोच!
टाळ्या पडल्या. यानं हात जोडले.
खोटं बोलला नाही, खोडलंही नाही.

सकाळी सहाला मैदानात तीस पोरं.
सर, जर्मनीत थंडी असती?
असती. मैदान ओलं असतंय.
टाचा रुतवून उभारायचं.
सर, मग बॉल कसा काढायचा?
बॉलकडं बघायचंच न्हाई. कंबर बघ त्याची.
पाय फसवतोय, डोळा फसवतोय,
कमरेला खोटं बोलता येत न्हाई.
हे जर्मनीत कुणाला माहीत असेल का, देव जाणे.
त्याच्या आज्ज्यानं लाल मातीत शिकवलेलं.

काल अंडर-सेव्हन्टीनची सेमीफायनल होती.
मी गोलमागच्या पायरीवर, जुन्या सवयीनं.
तो चुन्याच्या रेषेबाहेर, लंगडत,
बॉल जाईल तिकडं अर्धा पाऊल टाकणारा.
रेफ्रीनं दोनदा मागं सारला.
शेवटची तीन मिनिटं, त्यांचा कॉर्नर.
आमची सगळी पोरं पहिल्या खांबाकडं गोळा झालेली.
जर्मन ओरडला,
स्टेडियमभर घुमलं ते,
मुल्लाण्या, दुसरा! दुसरा खांब धर!
मुल्लाणीचं पोरगं मागं पळालं.

बॉल कुठं आला ते सांगत नाही.
मी बॉलकडं बघतच नव्हतो.
तो माझ्याकडं पाठ करून उभा होता,
जॅकेटवर नंबर नव्हता,
आणि उजवा हात
पाठीमागं.
बोटं हलत होती.

मी पायरीवर डावीकडं सरकलो.
शेजारचा म्हणाला, काय झालं वो?
म्हटलं, काय न्हाई. ऊन.