सहा ते नऊ वयोगटासाठी

खोकं आलं ऑक्टोबरात, बटाटेकाढणीची सुट्टी संपल्यावर.
पोरांच्या नखांत अजून कॅरिबूची माती होती.
पेल्तिए बाईंनी टेप दातांनी तोडली
(कात्री आमच्या वर्गात कुलपात असते)
आणि टेबलावर मांडत गेल्या:
कान झाकायचे हेडफोन,
मांडीवर घ्यायची पाच पौंडांची जड उशी,
लाल चकती विरत विरत वेळ दाखवणारं घड्याळ,
पेन्सिलीला चढवायची रबरी बोंडं,
एक डुगडुगणारं स्टूल.
सगळ्यावर हत्ती.
निळे, हसरे, सोंडेत फुगा धरलेले.
आणि खोक्याच्या कडेला, बारीक अक्षरांत, वय.

डेल्विन तेरा वर्षांचा आहे.
मिसरूड फुटलंय, ते दर तासाला बोटाने चाचपून बघतो.
यंदा आजोबांच्या हार्वेस्टरवर उभं राहून
तीन आठवडे त्याने पट्ट्यावरचे दगड वेचले,
त्या घरघराटात एकदाही कान झाकले नाहीत.
पण जेवणाच्या सुट्टीची घंटा त्याला सोसत नाही.
का, ते मला विचारू नका.
त्यालाही विचारू नका, सगळे विचारून झालेत.
त्याने हेडफोन उचलले, हत्ती पाहिला,
परत ठेवले.
इतके हळू ठेवले
की फेकले असते तर बरं वाटलं असतं.

मी या वर्गातली मदतनीस, लोरेन.
आधी बावीस वर्षं बटाट्याच्या गोदामात होते.
हिरवा पडलेला वेगळा, चिरलेला वेगळा, बारका वेगळा.
हात अजून झोपेत निवडतात.
इथे पहिल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या,
"इथे काही वेगळं काढायचं नाही हं, लोरेन."
मी हो म्हटलं. कळलं मात्र पुष्कळ उशिरा.

त्या दिवशी चारलाच अंधारून आलं.
आम्ही दोघी थांबलो.
शाळेच्या स्वयंपाकघरातलं तेल, शिपायाकडची पत्र्याची पट्टी,
बाईंचा केस वाळवायचा ड्रायर.
हत्ती तापला की कडेने सुटतो,
सोंड मात्र चिकटून बसते.
सोंडेला नखच लागतं.
उशीची खोळ मी घरी शिवली,
नवऱ्याच्या जुन्या जीन्सची, मागचा खिसा तसाच ठेवून.
तो आठवडाभर ती जीन्स शोधत होता.
मी काही बोलले नाही.

कोलेट बोलत नाही. तिच्याकडे चित्रांची पाटी आहे,
बोट ठेवलं की पाटी बोलते:
पाणी, बाथरूम, चेंडू, थँक्यू.
बारा वर्षांच्या मुलीला एवढ्या चार शब्दांत
दिवस काढायला सांगा, मग बघा.
बाईंनी नवीन चौकोन भरले:
"नको." "तू गप्प बस." "मला एकटीला राहू दे."
आणि एक, माझ्या आग्रहाखातर: "वीट आला."
तो तिने पहिल्यांदा दाबला
मुख्याध्यापकांच्या भाषणात, अठराव्या मिनिटाला,
आवाज पूर्ण वाढवून.
बाई खाली बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

हेडफोन आठ दिवस खिळ्यावर लटकले.
नवव्या दिवशी, घंटेच्या दोन मिनिटं आधी,
लाल चकतीची फाक उरली होती नखाएवढी,
डेल्विन उठला,
कुणाकडे न बघता ते कानांवर चढवले.
डाव्या बाजूला डिंकाचा डाग राहिलाय, हत्तीच्या आकाराचा.
तो त्यावर अंगठा फिरवत बसतो,
मिसरुडावरून फिरवतो तसाच.

जूनमध्ये जिल्हा कार्यालयाचा फॉर्म येतो.
प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न:
मूळ स्थितीत आहे का?
मी पेन्सिलीला रबरी बोंड चढवलं (सांध्यांना बरं पडतं)
आणि खालपर्यंत लिहीत गेले,
नाही. नाही. नाही.
शेरा या रकान्यात जागा होती,
तिथे: अकरा हत्ती कमी.
बारावा स्टुलाच्या खाली आहे.
तो निघाला नाही,
आणि स्टूल उलटं करून बघतंय कोण.