अठ्ठ्याऐंशी

डॉक्टर इंगवले घड्याळ धरून आईचे श्वास मोजतात,
पूर्ण एक मिनिट. मी त्यांच्या ओठांकडे बघते.
बत्तीस. एक गुण.
युरिया वाढलाय. अजून एक.
वय बासष्ट, त्याचा गुण नाही,
पासष्टला मिळतो म्हणे.

जितके गुण जास्त तितकं वाईट,
अशी परीक्षा आमच्या घरात पहिल्यांदाच.

"बिडी, तंबाखू, मिसरी?"
आई मास्कच्या आतून डोळे वटारते.
मी सांगते: भवानी पेठ, फुटाण्यांची भट्टी,
टिंबर मार्केटमधला भुसा, अडतीस वर्षं,
भिंतीला एकच झरोका,
तोही मांजर येतं म्हणून बुजवलेला.
डॉक्टर लिहितात: धूर.
एका शब्दात मावलं.

"मावशी, आज वार कोणता?"
"भट्टी बंद."
"वार विचारला मी."
"भट्टी बंद... म्हणजे अवस."
पेन 'गोंधळ'च्या रकान्यावर थांबतं.
मी मोबाइल उघडून दाखवते: अमावास्या, उद्या दुपारी दोनपर्यंत.
रकाना कोरा राहतो.
पंचांगानं आमचं भलं केलं ते एवढंच.

मग त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानांत घातला.
उजवीकडे, खाली,
तापल्या वाळूत हरभरा पडावा तशी
तडतड, तडतड.
आईला सांगितलं तर म्हणते,
"वाळू... कमी तापलीय.
नाहीतर... असा एकेक... नाही फुटत."

रात्री तीनला मशीनवर अठ्ठ्याऐंशी.
शेजारच्या खाटेवर सत्त्याण्णव.
मला बघवेना.
उठले, भिंतीवरची चावी फिरवली.
बाटलीत बुडबुडे उसळले, आकडा चढला,
एक्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव,
आणि आई झोपली.
आठवड्यात पहिल्यांदा भुवया सैल सोडून.
मी तिचे केससुद्धा सारखे केले.

थोपटे ब्रदर आले ते चालत नाही, धावत.
चावी मागे घेतली,
आईच्या गालावर थापट्या मारत राहिले,
हाक, थापटी, हाक.
फार वेळ लागला तिला डोळे उघडायला.
ओरडले नाहीत माझ्यावर.
म्हणाले, "ताई, ती झोप नव्हती.
ह्या छातीला कमीची सवय लागलीय,
जास्त दिलं की आतला वायू साठतो, गुंगी येते.
अठ्ठ्याऐंशी. नव्वद. ब्याण्णवच्या वर नाही."

उजाडेपर्यंत मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले,
लहानपणी भट्टीपाशी बसायचे तशी.
जाळाला हात नाही लावायचा, आई म्हणायची,
नुसती बघत बस.

अठ्ठ्याऐंशी.
सत्त्याऐंशी.
अठ्ठ्याऐंशी.