ओळख कशावरून

पहिल्या दिवशी मी चुकलो.
वहीत लिहिलं : थोरला चांदवा, नग सात.
निकासिया कोल्केनं वहीकडे न बघताच विचारलं,
"पाय पाहिलेस?"

पाय पाण्यात. कसे पाहणार?

"मग थांब," म्हणाली,
गालात कोकाची पानं सरकवली
आणि यारेताच्या टणक हिरव्या उशीला टेकून
लामाची लोकर वळत बसली.

लिपेसच्या या उंचीवर नुसतं थांबणंही कष्टाचं.
श्वास उसना आणावा लागतो,
दुर्बीण माझ्याच वाफेनं आंधळी होते,
हातमोज्याबाहेर आलेली बोटं
थोड्या वेळानं माझी राहत नाहीत.

आमच्याकडच्या चांदव्याच्या कपाळावर पांढरी टिकली,
पल्याडच्या काठावरूनही ओळखावा.
इथं सगळे काळे. काळ्या पाण्यावर काळे.
पुस्तक म्हणतं : पाय लाल, तो थोरला;
पाय शेवाळी आणि कपाळावर शिंग, तो दुसरा.
शिंग कसलं,
जुन्या कोटाची, एका धाग्यावर लोंबणारी गुंडी.

दुपारचा वारा सुटायच्या जरा आधी
एकानं मुंडकं खाली घातलं, शेपूट वर,
आणि बाहेर आला तो चोचीत दगड घेऊन.
लहान बटाट्याएवढा.
मान ताणून पोहत गेला,
ठेवला. सरकवला. पुन्हा सरकवला.
निसटला, बुडाला.
त्यानं वळून पाहिलं की नाही, सांगता येत नाही,
पण तो पुन्हा निघाला.

"थोरला पाणगवताचं घर रचतो," निकासिया म्हणाली,
"इथं गवत पुरत नाही.
हा तळच उचलून वर आणतो."

परतताना तिनं एक ढिगारा दाखवला,
पाण्यापासून साठ पावलं दूर, कोरड्या मिठात.
बैलगाडीच्या चाकाहून रुंद.
"आई लहान होती तेव्हा पाणी इथवर होतं.
अंडी चोरायला कोल्ह्याला पोहावं लागायचं."
आता वर कोल्ह्याचीच विष्ठा, वाळलेली.
मी दगड मोजायला लागलो.
दोनशे बारावर उजेड संपला.

रात्री मेणबत्तीपाशी खाडाखोड केली :
शिंगवाला चांदवा, नग सात.
पाय : दिसले नाहीत.
ओळख कशावरून : दगड.

काय लिहिलंस, तिनं विचारलं. वाचून दाखवलं.
चुलीत थोलाची काटकी सारत
ती बराच वेळ काही बोलली नाही.

"सहा," मग म्हणाली.
"सातवं बदक होतं. झोपलेलं."