कौलबोलीचं व्याकरण, आठवेल तेवढं

आधी आकडे.
ओंदु, दोन, मूरु, चार, ऐदु, सहा.
माझी आई आणि निंगव्वाची आई
समोरासमोर बसून ओली कौलं रचायच्या,
एक हिचं, एक तिचं,
मोजणीही तशीच. विषम कन्नड, सम मराठी.
फुटलेल्याला आकडा नव्हता.
मालक त्याचे पैसे धरायचा नाही.

हे खानापूरचं, मलप्रभेच्या अलीकडचं.
चिमणी अजून उभी आहे, धूर नाही.
सहा-सात पोरं होतो, भट्टीच्या उबेला.

ध्वनी.
ळ सगळ्यांच्या घरी होता, मुनीर सोडून.
पण कौलात ल-च आहे, म्हणून त्याचं भागायचं.
शब्दाचं दार शेवटी उघडं ठेवायचं, उ लावून:
दगडु, पावसु, मास्तरु.
बंद शब्द तोंडावर आपटतो, निंगव्वा म्हणायची.

क्रियापदाला धातू त्यांचा, शेपूट माझं.
काय माडूलालीस गं? होगूलालोय की.
हुडकणं मात्र दोन्ही घरांत हुडकणंच निघालं.
त्या दिवशी काहीतरी फुकट सापडल्यासारखं
भट्टीभोवती पळत सुटलो.

भट्टी ती, चुना तो, कौल ते.
का? निंगव्वानं विचारलं.
मी आईला विचारलं. आई म्हणाली, रीत.
रीतसुद्धा ती.
सोडून दिलं. वस्तू सगळ्या ते.

नकार दोन.
इल्ला, नसलेल्याला.
नक्को, मुनीरच्या घरचं, नको असलेल्याला.
पाहुण्यापुढं इल्लाच्या जागी नक्को म्हणायचं,
हे कुणी शिकवलं नाही.

चांगल्याला टण्ण. वाईटाला बद्द.
कौल बोटानं वाजवून बघतात ना, तसं.
पास्कू मेस्त टण्ण माणूस होता,
भट्टीत डोकावून आग कुठवर आली सांगायचा.
'खंय' त्याचा. कुठं, या अर्थी.
त्याचा मुलगा बद्द निघाला, खरं
ते व्याकरणात येत नाही.

निंगव्वाच्या घरी 'नावु' एकच.
माझ्या घरी दोन: आम्ही आणि आपण.
आम्ही म्हणायचं तर
कुणाला तरी बाहेर उभं करावं लागायचं,
आणि बाहेर चिखल होता.
आपण ठेवलं.

लिपी नव्हती.
स्टँडवरच्या पाट्यांना डांबर फासलं त्या आठवड्यात
शाळा बंद, कारखाना बंद,
मोठी माणसं आपापल्या गल्लीत.
निंगव्वा परसातल्या कुडाशी येऊन बसली,
मी अलीकडं.
तासभर नुसते आकडे म्हटले, शंभरापर्यंत,
आणि परत उलटे.

एक राहिलं.
वाक्याच्या टोकाला 'अंत'.
मराठीत म्हणाल तर शेवट.
कन्नडात म्हणजे: म्हणतात बाई, मी बघितलं नाही.
मालकु येऊलालायअंत.
भिंतु पडलंअंत.
डोळ्यांनी बघून आलं की अंत गळायचं,
भिंतु पडलं, एवढंच.
न बघता जो अंत गाळेल
त्यानं दहा कौलं डोक्यावरून न्यायची. हा दंड.

परवा निंगव्वाच्या मुलाचा फोन आला, धारवाडहून.
शुद्ध कन्नड, मोजकं, पुस्तकासारखं.
फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात, कुणी नसताना,
बोलून बघितलं:
निंगव्वा गेलीअंत.

दुपारची गाडी होती.
मी गेले नाही.
सून म्हणाली, एवढी मैत्रीण, आणि?
काय सांगायचं तिला.
गुडघे दुखूलालेत, म्हटलं.

आज घरावरची कौलं उतरवूलालेत, पत्रा घालायचाय.
गडी कोवळा, मिसरूड न फुटलेला,
खाली देत देत मोजतो:
एक, दोन, तीन, चार.
दोनला माझे ओठ हलतात. चारला हलतात.
विषमाला मी थांबते.