निळी चिकटपट्टी

सरोवरावरून चिलटं उठली की
लांबून वाटतं, पाण्यालाच आग लागलीय.
धुराचे उभे खांब,
वाऱ्याच्या मर्जीने किनाऱ्याकडे सरकणारे.
न्काता बेच्या बायका टोपल्या, पातेली घेऊन धावतात,
चिलटं गोळा करून थापतात, वाळवतात, खातात.
माझ्याकडे ती येतात फिल्टरमधून.

पाच नंबरचं ऑक्सिजन यंत्र, मुलांचा वॉर्ड.
न्यागोंड्वे सिस्टरने चिठ्ठीत एवढंच लिहिलेलं:
चालू आहे, पण मला पटत नाही.

आधी रेडिओ, मग पिठाच्या गिरण्या, मग ही यंत्रं,
बत्तीस वर्षं झाली,
बिघाडाचं याहून नेमकं वर्णन वाचलं नाही.
यंत्राचं पुस्तक आहे, पण जर्मनमध्ये.
चित्रं छान आहेत.

आधी हात लावायचा नाही, ऐकायचं,
हे मीच तावोंगाला शिकवलं.
यंत्र दर थोड्या वेळाने उसासा टाकतं,
हवा एका नळकांड्यातून दुसऱ्यात वळते,
आत साबुदाण्यासारखे दाणे,
नको ती हवा धरून ठेवणारे, हवी ती सोडणारे.
उसासा ठीक होता. जरा दमलेला, इतकंच.
मीटर लावला.
त्र्याण्णव हवे होते.
अठ्ठावन्न.

तावोंगा म्हणाली,
मग हे ओरडलं का नाही?

मागचं झाकण काढलं.
बझरची तार कापलेली, स्वच्छ,
टोकावर निळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे,
शेवट जरासा दुमडलेला,
नंतर सोडवताना नख लागावं म्हणून.
अशी पट्टी या जिल्ह्यात एकच माणूस गुंडाळतो.
तावोंगाने पट्टीकडे पाहिलं,
मग माझ्या पेटीतल्या रिळाकडे.

गेल्या मार्चमधली ती रात्र. सतरा वेळा वीज गेली,
सतरा वेळा यंत्र किंचाळलं.
फरशीवर अकरा आया, एकीचा डोळा लागेना.
मला घरून बोलावलं.
दोन मिनिटांचं काम. सगळ्यांनी दुवा दिला.
उद्या येऊन जोडतो, म्हणालो होतो.

फिल्टर कधी तुंबला, दाणे कधी ओलावले,
मीटर सांगत नाही.
मीटर फक्त आत्ताचं सांगतो.
मधल्या महिन्यांत त्या नळीखाली कोण कोण निजलं
ते वॉर्डाच्या वहीत आहे.
वही टेबलावरच होती. मी उघडली नाही.

फिल्टर बादलीत धुतला, पाणी काळंभोर झालं.
हवा जिथून आत जाते तिथे
बाजारातला जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला.
नळकांडी दोन नंबरची घेतली.
दोन नंबर कॅनडाहून आलेलं,
पहिल्याच दिवशी आमच्या विजेने जळालेलं,
तेव्हापासून बिचारं अवयवदान करतंय.
मीटर चढू लागला. एकाहत्तर.
चौऱ्याऐंशी, इथे बराच वेळ अडला,
मी नट पुन्हा आवळला.
एक्क्याण्णव.

मग पट्टीला नख लावलं.
सुटली लगेच, ठरवल्याप्रमाणे.
तार डाक देऊन जोडली
आणि प्लग खेचला.
असा आवाज, की अख्खा वॉर्ड उठून बसला.
एका आईने मला चितोंगात जे म्हटलं
ते इथे लिहीत नाही.
एक बाळ रडलं,
रडायला जेवढी हवा लागते
तेवढी त्याच्यात होती.

कार्डावर ‘बिघाडाचं कारण’ हा रकाना
बोटभर रुंद आहे.
मी लिहिलं: चिलटं.
कार्ड पुढे केलं. तावोंगाने घेतलं नाही.
पेन परत माझ्याकडेच सरकवलं.
मग समासात, कार्ड आडवं धरून लिहिलं:
बझर बंद होता. मी कापला होता.
खाली सही, पूर्ण नावाची, योतामू वगैरे सगळं.

बाहेर पाण्यावर पुन्हा धूर उठत होता.
मोजा उद्या धुवावा लागणार.
उद्या म्हणालो नाही.
बादली रात्रीच भरून
यंत्राशेजारी ठेवली.